विद्युद्दाबाचा रोजनामा

बऱ्हाणपूरच्या गल्ल्यांतून जाणाऱ्या परक्या माणसाला सर्वांत आधी ऐकू येतो तो यंत्रमागांचा आवाज. त्या आवाजाची लय बिघडली की माग चालविणाऱ्याला कोणतेही यंत्र पाहावे लागत नाही. धोट्याची फेक ढिली पडते, मोटार गुरगुरू लागते, डोक्यावरचा दिवा पिवळा होतो आणि तो शेजाऱ्याला म्हणतो, 'व्होल्टेज उतरले.' मजुरी मीटरवर मिळते. जेवढे कापड उतरेल तेवढाच दाम. वीज गेली तर निदान माग बंद करून बाहेर बसता येते. पण वीज आहे आणि दाब नाही, ही अवस्था अधिक घातक. माग चालू राहतो, कापडात दोष येतो आणि मोटारीची तारगुंडी तापून जळण्याचा धोका वाढतो.

हा दाब कोण सांभाळतो, तो सांभाळला गेला की नाही हे कोण लिहून ठेवतो, आणि लिहिलेले कोणापुढे ठेवावे लागते, हा आजचा विषय आहे. विषय कारकुनी वाटेल. पण मागवाल्याच्या दिव्यापासून दिल्लीच्या नियंत्रण कक्षापर्यंत जी साखळी गेली आहे, तिच्या कड्या या नोंदींच्याच बनलेल्या आहेत.

विद्युद्दाब म्हणजे काय, हे बऱ्हाणपूरच्या माणसाला समजावून देणे त्यामानाने सोपे. या शहराजवळ कुंडी भंडारा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणले गेले. या बोगद्यावर ओळीने शंभराहून अधिक उभ्या विहिरी, म्हणजे कुंड्या, खोदलेल्या आहेत. पाणी उंचावरून सखल भागाकडे आपल्याच भाराने वाहते आणि प्रत्येक कुंडीतून डोकावून त्या ठिकाणी पाणी किती आहे ते पाहता येते. विजेचा दाब हा त्या पाण्याच्या उंचीसारखा होय. उंची पुरेशी असेल तर शेवटच्या टाकीपर्यंत पाणी पोहोचते. वाटेत उपसा फार झाला तर शेवटच्याला धार बारीक मिळते. विजेच्या जाळ्यातही ठिकठिकाणी अशा कुंड्या ठेवलेल्या आहेत. त्यांना उपकेंद्रे म्हणतात, आणि तेथील दाब मोजून कळविणे हे नियमाने बंधनकारक आहे.

येथपर्यंत उपमा चालते. पुढे ती अपुरी पडते. प्रत्यावर्ती विजेत एक निराळाच प्रकार आहे. मोटार असो, रोहित्र असो, त्याच्या लोखंडी गाभ्यात चुंबकत्व निर्माण करावे लागते आणि ते दर सेकंदाला शंभर वेळा उभे राहते व मोडते. त्यासाठी जी शक्ती लागते ती खर्च होत नाही. ती जाळ्यातून मोटारीत येते आणि पुन्हा जाळ्यात परतते. इंग्रजीत तिला 'रिॲक्टिव्ह पॉवर' म्हणतात. येथे रिॲक्टिव्ह शक्ती म्हणू. कापड विणण्याचे काम तिने होत नाही, परंतु तिच्यावाचून मोटार फिरत नाही. आणि ती तारांतून दूरवरून आणावयाची म्हटली की वाटेत दाब उतरतो. म्हणून ती जेथल्या तेथे पुरविणे श्रेयस्कर. मागाच्या किंवा पंपाच्या मोटारीजवळ कपॅसिटर बसवावा असे वीज मंडळी वारंवार सांगतात, त्याचे कारण हेच. बऱ्हाणपूर जिल्ह्यात यंत्रमाग आहेत, केळीच्या बागा आहेत, बागांना पाणी देणारे पंप आहेत. म्हणजे या शक्तीची भूक येथे मोठी आहे. रब्बीचे पंप मध्यप्रदेशभर एकदम सुरू झाले की डिसेंबर-जानेवारीत राज्याची मागणी शिगेला पोहोचते आणि दाबाची खरी कसोटी लागते.

कपॅसिटरचाही एक दुर्गुण आहे. दाब दहा टक्क्यांनी उतरला तर त्याचे साहाय्य दहा टक्क्यांनी कमी होत नाही, एकोणीस टक्क्यांनी कमी होते. मोटारीच्या पिळाचेही तसेच. गरज अधिक तेव्हा मदत कमी, हा व्यवहार माणसांत आढळतो तसा यंत्रांतही आढळतो. यातूनच दाब कोसळण्याची साखळी सुरू होते: दाब उतरला, मोटारींनी अधिक प्रवाह ओढला, तारांत अधिक दाब खर्ची पडला, तो आणखी उतरला. २३ जुलै १९८७ रोजी दुपारच्या उकाड्यात टोकियोमध्ये वातानुकूलनाची यंत्रे भराभर सुरू झाली आणि याच रीतीने सुमारे २८ लाख ग्राहकांची वीज गेली. तेथे वीजनिर्मितीचा तुटवडा नव्हता. दाब मात्र टिकला नाही.

उलटही घडते. रात्री भार नसताना लांबच लांब तारा स्वतःच रिॲक्टिव्ह शक्ती निर्माण करतात आणि दाब वर चढतो. पावसाळ्यात पंप बंद असताना हा त्रास वाढतो. तेव्हा रिॲक्टर नावाची यंत्रे जोडून ती जादा शक्ती शोषून घ्यावी लागते, प्रसंगी काही तारा बंद कराव्या लागतात.

विजेच्या जाळ्यात दोन गोष्टी सदैव पाहिल्या जातात, वारंवारता आणि दाब. वारंवारता सर्वत्र सारखी असते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या तारेने दक्षिण भारत उरलेल्या जाळ्याशी जोडला गेला, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच ठोका चालतो. तो दिल्लीत बसून मोजता येतो. दाबाचे तसे नाही. खंडव्याला उत्तम असेल, बऱ्हाणपूरला मध्यम असेल आणि एखाद्या वाडीच्या टोकाला वाईट असेल. म्हणून दाबाचे राखण एका ठिकाणाहून होऊ शकत नाही. ज्याच्या हाताशी जे यंत्र आहे त्यानेच ते सांभाळावे आणि काय केले ते वरच्याला कळवावे, एवढाच मार्ग उरतो. नोंदींचे सारे नियम या एका गोष्टीतून निघाले आहेत.

निमाडात वीज निर्माण करणारी मोठी केंद्रे आहेत. पुनासा येथे नर्मदेवर इंदिरा सागर, १००० मेगावॅट. तिच्याच खाली ओंकारेश्वर, ५२० मेगावॅट. आणि निमाडच्या संताचे नाव धारण करणारे संत सिंगाजी औष्णिक केंद्र, २५२० मेगावॅट. अशा प्रत्येक जनित्राला दाब आपोआप राखणारे एक यंत्र जोडलेले असते. दाब उतरला की ते चुंबकाचा प्रवाह वाढविते, चढला की कमी करते. ते बंद ठेवून जनित्र चालविता येते, वीजही तयार होते, बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसत नाही. नेमके म्हणूनच नियम कडक आहे. केंद्रीय आयोगाच्या २०१० च्या ग्रिड-संहितेत असे सांगितले होते की, ५० मेगावॅटहून मोठे जनित्र या यंत्रावाचून चालवावयाचे असेल तर कारण आणि मुदत प्रादेशिक भार-प्रेषण केंद्राला तत्काळ कळवावी व परवानगी घ्यावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवी संहिता लागू झाली. या बंधनाचा गाभा तिच्यातही तसाच आहे.

अमेरिकेत हाच नियम एका मोठ्या अपघातानंतर कायद्याच्या जोराने आला. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी क्लीव्हलँडजवळच्या ईस्टलेक केंद्रातील एका जनित्राकडून अधिक रिॲक्टिव्ह शक्ती घेण्याचा प्रयत्न झाला. ती त्याच्या कुवतीबाहेर गेली आणि जनित्र बंद पडले. पुढे नियंत्रण कक्षातील इशारा देणारी यंत्रणाही बंद पडली आणि ती बंद पडल्याचे तिथल्या माणसांना बराच वेळ कळले नाही. संध्याकाळपर्यंत अमेरिका आणि कॅनडातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात होते. तोपर्यंत तेथील नियम स्वेच्छेने पाळावयाचे होते. २००५ च्या कायद्यानंतर, जून २००७ पासून, ते सक्तीचे झाले. आता तेथे दाब राखणाऱ्या यंत्राच्या स्थितीत बदल झाला तर जनित्र चालविणाऱ्याने ३० मिनिटांच्या आत ते कळवावयाचे असते. अर्धा तास म्हणजे फार झाला असे एखाद्याला वाटेल. पण ईस्टलेकचे जनित्र बंद पडल्यापासून सर्वत्र अंधार होईपर्यंत सुमारे अडीच तास गेले होते. इतक्या वेळात योग्य माणसाला योग्य बातमी मिळती तर पुष्कळ काही करता आले असते.

आपल्याकडे दाबाच्या मर्यादा आकड्यांत बांधून दिलेल्या आहेत. ४०० किलोव्होल्टच्या जाळ्यात ३८० ते ४२०, २२० च्या जाळ्यात १९८ ते २४५, १३२ च्या जाळ्यात १२२ ते १४५. पश्चिम विभागाचे भार-प्रेषण केंद्र मुंबईत आहे. महाराष्ट्र, गुजरात, मध्यप्रदेश, छत्तीसगड आणि गोवा ही राज्ये त्याच्या देखरेखीखाली येतात. मध्यप्रदेशाचे स्वतःचे केंद्र जबलपूरला आहे. मुंबईचे केंद्र दररोज एक अहवाल प्रसिद्ध करते आणि त्यात ४०० किलोव्होल्टच्या निवडक उपकेंद्रांची यादी असते. प्रत्येक नावापुढे दिवसातील सर्वांत अधिक दाब, सर्वांत कमी दाब, त्यांच्या वेळा, आणि शेकडा किती वेळ दाब मर्यादेबाहेर राहिला याचा आकडा. या आकड्याला दाब-विचलनांक म्हणावे. यादीत खंडवा आहे आणि धुळेही आहे. बऱ्हाणपूर या दोहोंच्या मधल्या मुलखात पडते. तेव्हा आपल्या डोक्यावरचा मोठा दाब काल कसा होता, हे बऱ्हाणपूरच्या कोणाही जिज्ञासूला दोन्ही बाजूंच्या कुंड्यांत डोकावून पाहता येते. वीज-व्यवहारात इतकी मोकळीक पूर्वी नव्हती. सामान्य वाचक हा अहवाल उघडत नाही ही गोष्ट निराळी.

नोंदीबरोबर पैशाचा हिशेबही जोडलेला आहे, आणि तो मोठा चतुर आहे. राज्याच्या सीमेवर जे खास मीटर बसविलेले असतात त्यांत रिॲक्टिव्ह शक्तीसाठी दोन खाती असतात. दाब नेहमीच्या ९७ टक्क्यांहून खाली असताना किती शक्ती ओढली ते एका खात्यात. १०३ टक्क्यांहून वर असताना जाळ्यात किती ढकलली ते दुसऱ्यात. दाब खाली असताना ओढणारा पैसे भरतो, पुरविणाऱ्याला पैसे मिळतात. दाब वर असताना याच्या उलट. दाब ठीक असताना कोणी कोणाला काही देत नाही. दर आठवड्याला हे हिशेब निघतात. २०१० मध्ये दर एककाला १० पैसे होता आणि दरवर्षी अर्धा पैसा वाढ ठरलेली होती; नव्या संहितेने दराची पुन्हा आखणी केली. रक्कम क्षुल्लक वाटते, पण एकाच कृतीला वेळेनुसार कधी दंड, कधी बक्षीस, ही कल्पना सावकारी हिशेबातही फारशी सापडणार नाही. महाराष्ट्र-मध्यप्रदेशाच्या या पश्चिम विभागातच १ जुलै २००२ रोजी वारंवारतेनुसार विजेचे मोल ठरविण्याची पद्धत देशात सर्वप्रथम अमलात आली.

नोंद ठेवली पण आज्ञा पाळली नाही, तर काय होते? मध्यप्रदेशाने ते जवळून पाहिले आहे. २०१२ च्या जुलैअखेर पाऊस लांबला होता आणि उत्तर भारतातील राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढत होती. पश्चिम विभागात वीज शिल्लक होती. दोन्ही विभागांना जोडणाऱ्या अनेक तारा निरनिराळ्या कारणांनी बंद होत्या, काही तर दाब फार चढला म्हणून बंद केलेल्या. सारा ओघ मध्यप्रदेशातील बीना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या मार्गावर एकवटला. भार-प्रेषण केंद्रे 'ओढणे कमी करा' असे बजावीत होती; प्रतिसाद अपुरा होता. ३० जुलैच्या रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी ती तार सुटली.

ती का सुटली हे समजून घेण्यासारखे आहे. तारेवर कोठेही दोष नव्हता. तारेचे रक्षण करणारे यंत्र दाबाला प्रवाहाने भागते आणि भागाकार फार लहान आला तर तारेत बिघाड झाला असे समजते. त्या रात्री प्रवाह अतोनात वाढला होता आणि दाब उतरला होता. भागाकार लहान आला. यंत्राने आपले काम चोख केले आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता तीच बीना-ग्वाल्हेर तार पुन्हा सुटली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग कोसळले. साठ कोटींच्या आसपास लोक ज्या भागांत राहतात तेथील वीज गेली. रेल्वेगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पश्चिम विभाग वाचला, म्हणून बऱ्हाणपूरचे माग त्या दोन दिवसांत त्या कारणाने थांबले नाहीत. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या समितीने ऑगस्ट २०१२ मध्ये अहवाल दिला. राज्यांच्या केंद्रांनी सूचनांना दिलेला अपुरा प्रतिसाद हे तिने कारणांत स्पष्टपणे गणले. वास्तविक २००३ च्या विद्युत् कायद्यात प्रादेशिक केंद्राची आज्ञा मोडणाऱ्याला पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. पंधरा लाख आणि साठ कोटी माणसे, यांची तुलना ज्याची त्याने करावी.

आता घटना घडली की घड्याळ सुरू होते. नव्या संहितेनुसार बिघाडाची पहिली खबर आठ तासांत, यंत्रांनी आपोआप टिपलेल्या नोंदी चोवीस तासांत, आणि सविस्तर वृत्तांत त्यानंतर ठरलेल्या दिवसांत द्यावयाचा असतो. घटनांची वर्गवारीही लहानमोठेपणानुसार केलेली आहे. चोवीस तासांचा आग्रह अनाठायी नाही. माणसाची आठवण दुसऱ्या दिवशी बदलू लागते. यंत्राची बदलत नाही, पण ती पुसली जाऊ शकते.

दाब चढूनही केवढा अनर्थ होतो, ते २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये दिसले. भर दुपारी, साडेबाराच्या सुमारास, दाब चढत गेला, चढलेल्या दाबामुळे निर्मिती केंद्रे एकामागून एक सुटली, ती सुटल्याने दाब आणखी चढला आणि काही सेकंदांत दोन्ही देश अंधारले. युरोपात अशा रीतीने घडलेली ही पहिलीच मोठी घटना असे तज्ज्ञांनी म्हटले. चौकशीत मुख्य प्रश्न एकच होता: दाब आवरण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविलेले होते त्यांनी ते त्या वेळी कितपत केले? उत्तर नोंदींतूनच शोधावे लागले.

तयारी असेल तर मोठा धक्काही पचतो. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालविण्यात आले. सुमारे १३ हजार मेगावॅट भार कमी होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ३१ हजारांनी उतरला. जलविद्युत् केंद्रांना आधीच सूचना दिलेल्या होत्या, कोणी कोणत्या मिनिटाला काय करावयाचे ते ठरलेले होते, आणि जाळे हलले नाही.

हे सारे मोठ्या जाळ्याचे झाले. मागवाल्याच्या गल्लीतले काय? तेथे २३० व्होल्ट, आणि सहा टक्के अधिक-उणे, म्हणजे २१६ ते २४४ च्या दरम्यान दाब असावा. हा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांपासून चालत आला आहे आणि मध्यप्रदेशाच्या पुरवठा-संहितेतही आहे. बऱ्हाणपूरला वीज देणारी वितरण कंपनी इंदूरची पश्चिम क्षेत्र कंपनी होय. २००३ च्या कायद्याचे ५७ वे कलम सेवेचा दर्जा ठरविण्यास आणि तो न पाळल्यास ग्राहकाला भरपाई देण्यास सांगते. ५९ वे कलम त्याहून महत्त्वाचे. कंपनीने दर्जा कितपत पाळला, किती प्रकरणांत भरपाई दिली आणि एकूण किती रुपये दिले, हे तिने आयोगाला कळविले पाहिजे आणि आयोगाने वर्षातून निदान एकदा ते प्रसिद्ध केले पाहिजे. ३१ डिसेंबर २०२० च्या ग्राहक-हक्क नियमांत ज्या विलंबांसाठी आपोआप भरपाई द्यावयाची त्यांत दाबाच्या तक्रारीचेही नाव आहे.

परंतु खंडव्याच्या ४०० किलोव्होल्टचा दाब यंत्र स्वतः टिपते आणि मुंबई तो छापते. गल्लीच्या टोकावरील रोहित्राखालचा दाब बहुधा कोणी टिपीत नाही. तेथे मोजमापाचे काम तक्रारीवर सोपविलेले आहे. तक्रार नोंदली गेली नाही तर कायद्याच्या दृष्टीने दाब उतरलाच नाही. वार्षिक अहवालात शून्य भरपाई दिसली तर तो सेवेचा उत्कर्ष आहे की नोंदीचा अभाव, हे आकड्यावरून कळत नाही. आयोगाच्या सुनावणीत हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, आणि तो फार थोडे ग्राहक वापरतात.

ग्राहकाची बाजूही सर्वस्वी निर्दोष नाही. एकेका रोहित्रावर शेकडो मोटारी आणि कपॅसिटर मोजके, किंवा आहेत ते केव्हाच निकामी झालेले, अशी स्थिती असेल तर दाब उतरविण्यात गल्लीचाच हात असतो. मोठ्या, उच्चदाबाच्या ग्राहकाचा पॉवर फॅक्टर ९० टक्क्यांखाली गेला तर मध्यप्रदेशात बिलावर दंड चढतो. तेथे हिशेब रोख आहे. लहान मागवाल्याला ते आपल्या जळलेल्या मोटारीवरून कळते.

तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते. करताना 'व्होल्टेज कमी आहे' एवढेच सांगणे पुरत नाही. तारीख, घड्याळाची वेळ, साध्या मल्टिमीटरवर दिसलेला आकडा, तीन फेजांपैकी कोणत्या फेजवर, आणि शेजारच्या घरीही तसेच आहे काय, हे सांगावे. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. एकाच फेजवर दाब उतरत असेल तर भार फेजांमध्ये नीट वाटलेला नाही असा संशय घेता येतो. तिन्हींवर ठराविक वेळी उतरत असेल तर रोहित्र अपुरे किंवा तार लांब. तिन्हींवर आणि सर्व गल्ल्यांत एकदम उतरला असेल तर मूळ वर उपकेंद्रात किंवा त्याहूनही वर शोधावे लागते. आठ-दहा दिवसांच्या अशा नोंदी एका वहीत ओळीने लिहिलेल्या असल्या की तक्रार-निवारण मंचापुढे, आणि तेथे समाधान न झाल्यास विद्युत् लोकपालापुढे, त्या मांडता येतात.